तासाच्या आत

पुलाच्या अलीकडे बस थांबली, तेव्हा तासातली पंचवीस मिनिटं उडाली होती. सुनेच्या डाव्या काखेत झाकणाची छोटी प्लास्टिकची डबी होती आणि डबीत तिच्या नवऱ्याच्या वीर्याचा नमुना. प्रयोगशाळेने बजावलं होतं, तासाच्या आत आणा, अंगाच्या उबेत आणा, पर्समध्ये टाकून आणलात तर घेणार नाही.

नवरा पावाच्या भट्टीवर कामाला होता. रात्रपाळी करून आला, सहा वर्षांत पहिल्यांदा डॉक्टरांचं ऐकलं, डबी बायकोच्या हातात दिली आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. डोळे मिटता मिटता एवढंच म्हणाला, की हे एकदाच. वाया गेलं तर पुन्हा माझ्याकडे मागायचं नाही. आणि तो एकदा बोलला की त्याच्या आईचंही चालत नसे.

त्या बसच्या वेगाची ख्याती होती. एका स्टॉपवर चुकलेला माणूस पुढच्या स्टॉपपर्यंत चालत जाई, वाटेत दाढी करून घेई आणि तीच बस पकडे. आज तर पुलाच्या तोंडाशी ट्रक आडवा झाला होता. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि पेपर उघडला.

सून उजव्या हाताने दांडी धरून उभी होती. कालच तिच्या गर्भनलिकांची तपासणी झाली होती आणि ओटीपोटात अजून कळ येत होती. डावा हात अंगाला घट्ट चिकटवलेला बघून एका भल्या माणसाला वाटलं, बाईला लकवा झालाय. त्याने जागा देऊ केली. ती नको म्हणाली. एकदा बसलं तर परत उठवणार नाही, हे तिला ठाऊक होतं.

सासू शेजारी उभी होती. ही चाळीस वर्षं लोकांच्या कपड्यांना इस्त्री करत आलेली. तिने नुसता तळवा फिरवला तरी सदऱ्याची चुणी जाते, असं गल्लीत म्हणत. तिने सुनेच्या मनगटाला हात लावला. मनगट गार होतं.

"दे इकडे."

"आई, राहू द्या. मी धरलीय."

"तुझ्यात ऊब उरलेली नाही. दे."

सुनेने दिली. सासूने भर बसमध्ये पदर सारखा केल्यासारखं करून डबी पोलक्यात सरकवली, वर दोन्ही हातांची घडी घातली आणि ड्रायव्हरला दार उघडायला लावलं. स्टॉप नाही, असं तो म्हणणार होता. तिच्याकडे बघून त्याने दार उघडलं.

मग ती पुलावरून अशी सुटली, की मागून येणारे सायकलवाले घंटी वाजवायचं सोडून कडेला होऊ लागले. सून मागे पडत होती. दोनदा ती कठड्याला धरून वाकली. दोन्ही वेळा सासू पुढे जाऊन थांबली, हातांची घडी न सोडता. चल म्हणाली नाही, काय झालं विचारलं नाही. एरवी घरात तिचं तोंड झोपेतही मिटत नसे.

चोपन्नाव्या मिनिटाला डबी प्रयोगशाळेच्या टेबलावर आली. टेबलामागच्या बाईंनी ती बोटांनी चाचपली, गरम आहे म्हणाल्या, वेळ टाकली आणि आत पाठवून दिली. सुनेने टेबलाला कंबर टेकवली. बाईंनी फॉर्म पुढे ओढला.

नवऱ्याचं वय एक्केचाळीस. काम, भट्टीवर. तिथे बाईंचं पेन जरा थांबलं. रोज आचेपुढे उभे असतात का, किती वर्षं झाली, हे विचारून, सततच्या आचेचा वीर्यावर परिणाम होतो म्हणत त्यांनी ते अधोरेखित केलं. बायकोचं वय छत्तीस. प्रयत्न सहा वर्षं. आतापर्यंतच्या तपासण्या? सुनेने पाढे म्हणावेत तशा सांगितल्या. रक्त तीनदा, सोनोग्राफी किती ते आठवत नाही, दुर्बीण एकदा, नलिका काल. सुनेच्या पोटातलं काही बघायचं बाकी राहिलं नव्हतं.

"आणि त्यांच्या?"

"ही पहिलीच," सून म्हणाली.

बाई दमलेल्या होत्या. सकाळपासून हेच बोलत असाव्यात, तशा स्वरात म्हणाल्या, "पस्तिशीच्या आत असाल तर वर्षभर, पस्तिशीनंतर सहा महिने. त्यापुढे नुसती वाट बघायची नसते. आणि यायचं ते दोघांनी एकदम. त्यात नवऱ्याची तपासणी सगळ्यात सोपी. तीच शेवटी कशी ठेवलीत, आजी?"

पांढरे केस बघून जो तो तिला आजी म्हणे. ज्याने म्हणायला हवं होतं, त्याचाच काय तो पत्ता नव्हता.

या प्रश्नाला सासूकडे सहा वर्षं उत्तरं तयार होती. माझा पोरगा मैद्याची दोन पोती एका खांद्यावर नेतो. आमच्यात मुलं उशिराच होतात. आधी हिचं काय ते बघा, मग त्याचं. चार डॉक्टरांना तिने ती तोंडावर ऐकवली होती. आज तिने तोंड उघडलं आणि त्यातलं एकही बाहेर आलं नाही.

"मी अडवलं," ती म्हणाली. "लिहा."

"असा रकाना नाहीये, आजी."

"मग खाली लिहा. कोरी जागा आहे की."

मागे रांग लागली होती. कुणीतरी खाकरलं. सासू हलली नाही. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि सुनेकडे पाहिलं. ती जाऊ द्या म्हणेल, असं त्यांना वाटलं असावं. सहा वर्षं, कुणीही काहीही बोललं तरी, ती तेच म्हणत आली होती.

सुनेने पेन उचललं आणि बाईंच्या हातात दिलं.