जुडाहकाकांचा प्रिंटर

विचुंब्याच्या नव्या इमारतीत कोमल एकटीच राहायची. खालच्या मजल्यावरच्या जुडाहकाकांच्या वायफायला पासवर्ड नव्हता. महिनाभर ती न विचारता तेच वापरत होती.

त्या दुपारी तिचा नोकरीचा अर्ज चुकून काकांच्याच प्रिंटरवर छापला गेला. शरमून तिनं लॅपटॉप बंद केला, घराला कुलूप लावलं आणि खाली जाऊन बेल वाजवली.

"काका, माफ करा. मी तुमचं नेट चोरून वापरते."

"एवढंच ना? ये, आत ये," काका हसले.

तेवढ्यात आतला प्रिंटर पुन्हा सुरू झाला. काकांनी कागद आणला, वाचला आणि तिच्याकडे बघतच राहिले.

"काय आलंय, काका?"

त्यांनी कागद तिच्यापुढे धरला.

'काका, खाली आलेली मी नाही. तिला आत घेऊ नका. कोमल.'

"अहो, मीच कोमल!"

काकांनी दार लावून घेतलं.