एक चांगली गोष्ट

स्पंजचा पिवळा चेंडू निवेदकाच्या नाकावर आपटला, मांडीवर पडला आणि घरंगळत खुर्च्यांखाली गेला.

"वा, वा! प्रयत्न तर केला!" वक्ता म्हणाला. मागच्या रांगेतल्या पालकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांत निवेदकाची आईही होती.

निवेदक चोवीस वर्षांचा. रेडिओवर सकाळच्या बातम्या वाचायचा. त्याला डिस्प्रॅक्सिया होता. म्हणजे डोक्यात ठरलेली हालचाल हातापायांपर्यंत पोचेस्तोवर तिचा पार विचका व्हायचा. लेसचे बूट त्याने कधीच सोडून दिले होते, चहा अर्धा मगच घ्यायचा, आणि आपल्या खोलीत एकटा मजेत राहायचा. पण आईला कुठून तरी या 'आनंदाने जगू या' शिबिराची खबर लागली आणि तिने त्याच्यामागे भुणभुण लावली. शेवटी तिच्या समाधानासाठी तो आला.

गोलात बसलेल्या सगळ्यांची तऱ्हा तीच. आणि खेळ काय, तर चेंडू झेलायचा आणि स्वतःबद्दल एक चांगली गोष्ट सांगायची! हे ज्याच्या सुपीक डोक्यातून निघालं तो वक्ता मधोमध उभा राहून, तान्ह्या बाळाशी बोलावं तसं लाडेलाडे बोलत होता. आतापर्यंत एकालाही चेंडू झेलता आला नव्हता. फरशीवर लोळून लोळून त्याला केसांची गुंतवळं चिकटली होती आणि सगळ्यांच्या घामट हातांनी तो ओलसर झाला होता.

या वेळी तो काढायला शेजारच्या खुर्चीतले गणिताचे सर वाकले. केस पिकायला लागलेला माणूस. हात पुरेना तसे ते गुडघ्यांवर आले, मग कोपरांवर. बाहेर निघताना डोकं खुर्चीला खाडकन लागलं.

"शाब्बास! सापडला की नाही चेंडू?" वक्ता ओरडला. पुन्हा टाळ्या. एका बाईंनी तर डोळे टिपले. सर लालबुंद चेहऱ्याने हसले, आणि त्यांनी चक्क मान लववून सगळ्यांचे आभार मानले.

ते आभार पाहून निवेदकाने तोंड फिरवलं.

"द्या बघू तो आपल्या दादाला," वक्ता सरांना म्हणाला, आणि मग निवेदकाकडे वळला. "हं, आता सांग. घाबरायचं नाही हं!"

निवेदकाने चेंडूवरचा एक लांब केस चिमटीत धरायचा प्रयत्न केला. निसटला. पुन्हा निसटला. शेवटी निघाला. तो त्याने खाली टाकला.

"मला किळस येते," बातम्या वाचायच्या त्या स्वच्छ आवाजात तो म्हणाला.

वक्त्याचं हसू चेहऱ्यावर तसंच अडकून राहिलं. "असं नाही राजा, काहीतरी चांगलं सांग ना."

"चांगलंच सांगितलं. लहानपणापासून या टाळ्या ऐकतोय. अजून अंगवळणी पडल्या नाहीत. अजून किळस येते."

"अरे, काय बोलतोयस हे?" आई मागून म्हणाली. "आम्ही कौतुकानेच..."

तो वळला. "आई, रविवारी माझ्याकडे जेवायला ये. मी वाढेन. थोडं सांडेल. तू नुसतं जेव."

वक्त्याने घड्याळ पाहिलं, घसा खाकरला आणि चेंडू परत घ्यायला हात पुढे केला.

त्याच्या आधी सरांनी हात पुढे केला. डोक्याला टेंगूळ आलं होतं, पँटच्या गुडघ्यांवर धूळ तशीच होती.

"इकडे द्या तो," ते निवेदकाला म्हणाले. "फेकू नका, हातात द्या. मलाही बोलायचंय."