ठिपक्यांचं पुस्तक

सगळ्या वर्गाला सत्त्याण्णव दिसले. अक्षयाला नुसते ठिपके.

"नीट बघ," विनीता मॅडम म्हणाल्या. अक्षयाने पुस्तक जवळ धरलं, लांब धरलं, खिडकीशी नेऊन पाहिलं. मागच्या बाकावर कुणीतरी खुसखुसलं. मालवणच्या कॉलेजात बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला येऊन तिला जेमतेम दोन महिने झाले होते. जीवशास्त्राच्या तासाला आपणच नमुना ठरू, असं काही तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

पुस्तक रंग ओळखण्याच्या तपासणीचं होतं. रंगीत ठिपक्यांत आकडे लपवलेले. पहिल्या पानावरचा बारा कुणालाही दिसतो. पुढचे आकडे, ज्याला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही, त्याला दिसत नाहीत.

"मुलींमध्ये हे फार क्वचित असतं!" मॅडमना आनंद लपवता येईना. दुर्मीळ काही सापडलं की शिक्षकांना समोरच्याचं तोंड दिसत नाही. "त्यासाठी ते आई आणि वडील, दोघांकडूनही यावं लागतं. आईला स्वतःला सगळे रंग दिसत असले तरी तिच्याकडून ते येऊ शकतं. वडिलांचं तसं नाही. मुलीत हा दोष आहे म्हणजे वडिलांत असतोच. लिहून घ्या. असतोच."

अक्षयाने लिहून घेतलं.

मॅडमनी पुस्तक तिला शनिवार-रविवार घरी न्यायला दिलं. सोबत कुठल्या पानावर कुठला आकडा, याचा एक कागद. सोमवारी घरच्या माणसांचा तक्ता काढून आणायचा होता. बायकांना गोल, पुरुषांना चौकोन, ज्याच्यात दोष त्याचा आकार काळा करायचा.

देवबागच्या घरी बाबा सुटीवर आले होते. बाबा, म्हणजे दीपेश, मालवाहू बोटीवर खलाशी. आठ महिने दर्यावर, चार महिने घरी. मंगळवारी त्यांना मुंबई गाठायची होती. कंपनीच्या डॉक्टरकडे तपासणी, की लगेच बोट.

अक्षयाने आधी आईला, म्हणजे रश्मीला, बसवलं. रश्मी दोन ठिकाणी अडखळली, पण आकडे सगळे बरोबर सांगितले. मग बाबा बसले.

"ह्या पुस्तक मी ओळखतंय," बाबा हसले. "आमचो डॉक्टर ह्याच दाखयता. रंग चुकलो तर नोकरी गेली. बावीस वर्षां झाली, एकदाव नापास जावक नाय."

आणि स्वतःच पानं उलटत धडाधड सांगत सुटले. बारा, आठ, सहा, एकोणतीस. अक्षया कागदावर बोट ठेवून ताडून बघत होती. निम्मी पानं झाली तसं तिचं बोट प्रत्येक आकड्यावर थांबू लागलं. देवा, एक तरी चुकू दे, ती मनात म्हणाली. बाबा कुठेच चुकले नाहीत.

"काय गो, पास?"

"पास," ती म्हणाली आणि उठून विहिरीकडे गेली. मॅडमनी 'असतोच' म्हटलं होतं, आणि बाबांना तर सगळं दिसत होतं. मग ते तिचे बाबा नव्हते. दुसरं काय निघणार यातून?

रविवारी घरात सुरमई होती आणि अक्षया जेवली नाही. देवबागात सुरमईला नको म्हणणारं माणूस एकतर तापाने फणफणलेलं असतं, नाहीतर प्रेमात पडलेलं. आईने कपाळाला हात लावून पाहिला.

"आये, माझ्या जल्माच्या टायमाक बाबा खंय होते?"

"बोटीर. तू दोन म्हयन्यांची झालंस तेवा पयल्यांदा बघल्यानी तुका. कित्याक?"

"काय नाय."

ती आरशासमोर उभी राहिली. सगळे म्हणायचे, नाक बापाचं घेतलंस. आता ते नाक तिला कुणाचंच वाटेना. तिला दुसरे कुणी बाबा नको होते. खाडीत पाठीवर घेऊन पोहायला शिकवणारे, दूरच्या बंदरांतून फोन करून आधी 'जेवलंस काय?' विचारणारे, हेच हवे होते. त्यांना आता तोंड कसं दाखवायचं, हेच तिला कळेना.

सोमवारी सकाळी तक्ता तयार होता. फक्त बाबांचा चौकोन तेवढा काढायचा राहिला होता. आई चहा घेऊन आली. तिने तक्ता पाहिला, मग शेजारची वही उचलली आणि मॅडमचं वाक्य दोनदा वाचलं. 'असतोच'खाली अक्षयाने दोन रेघा मारल्या होत्या. आई हळूच खाटेवर बसली.

"म्हणान काल जेवलंस नाय?"

अक्षयाला रडू फुटलं. "आये, काय आसा ता खरा सांग माका."

आईने उठून पुढचं दार लोटलं.

"सांगतंय. पण तेंच्या समोर. अवो, हंय येवा जरा."

बाबा बॅग भरत होते. हातातला टॉवेल तसाच घेऊन ते आत आले. "काय झाला?"

"चेडवाक, आपल्या अक्षयाक, आज खरा सांगूक होया."

बाबांचा चेहरा एकदम पडला. "रश्मी, नको. कोणाक सांगूचा नाय, असा ठरला होता ना आपला?"

"जगाक सांगूचा नाय. ही आपली आसा."

बाबा टॉवेलाची घडी घालत राहिले. अक्षयाला वाटलं, हे इथेच थांबावं, काही कळूच नये. पण आईने टेबलावरचं पुस्तक घेतलं आणि त्यांच्यासमोर बसली.

"वाचा," ती म्हणाली.

बाबांनी मान खाली घातली आणि सुरुवात केली. "बारा. आठ. सहा. एकोणतीस..."

अक्षयाचं बोट आपसूक कागदावरून सरकत राहिलं. शेवटच्या पानापर्यंत एकही आकडा चुकला नाही.

आईने पुस्तक उघडलंच नव्हतं.