यजमानांचा स्वेटर

शप्पथ सांगते, यातला शब्दन् शब्द खरा आहे. कपडे आपलं रफू आपणच करायला लागले, तेव्हाची गोष्ट. द्वारकाबाईंच्या यजमानांना जाऊन बारा वर्षं झाली, तरी त्यांचा स्वेटर कपाटात धडधाकट होता. फक्त कसर लागली की तो शेजारच्या कपड्यातून लोकर ओढून घ्यायचा.

एका सकाळी सून ओरडली, "आई, बाळाचं टोपडं अर्धं खाल्लं यानं!"

"त्यांना थंडी सोसायची नाही गं."

"आणि बाळाला सोसते?"

द्वारकाबाईंनी स्वेटर मांडीवर घेतला. "अहो, पुरे आता," म्हणाल्या आणि धागा ओढला. मालकिणीनं पुरे म्हटलं की कपडा हट्ट सोडतो. स्वेटर उसवत गेला, संध्याकाळपर्यंत त्याच लोकरीनं टोपडं विणून झालं.

शेवटची बाही उसवताना तिनं हलून निरोप घेतला. बरं बाई, बाही हलली तेवढं माझ्या पदरचं.