हिरवा तक्ता

सलाइनच्या पंपाचं सॉफ्टवेअर वेळेत गेलं, तर शर्वाणी नोकरीत कायम होणार होती आणि तिचे वरिष्ठ घैसास सर यांना जर्मनीला जायला मिळणार होतं. चाचण्यांच्या तक्त्यात पंपाकडच्या प्रत्येक मागणीला तिची चाचणी जोडली, की ओळ हिरवी होई. एकच ओळ लाल होती: सलाइन अडलं, तर भोंगा वाजावा.

"अगं, सलाइन अडलं की दिवा लागतो, ती चाचणी झालीय ना? तीच जोड इथे. मी बसलोय की!" सर म्हणाले. तिला ते वडिलांच्या जागी, तिने जोडली.

इस्पितळात एका रुग्णाचं सलाइन अडलं आणि भोंगा वाजलाच नाही. नर्सने वेळेवर पाहिलं म्हणून रुग्ण वाचला. चौकशीत सरांनी चष्मा पुसला. "पोरीवर डोळे झाकून विश्वास टाकला, एवढंच माझं चुकलं."

शर्वाणीला कामावरून काढलं. सर ठरल्याप्रमाणे जर्मनीला गेले. तिकीट तेवढं शर्वाणीच्या नोकरीतून वळतं झालं.