छायाक्षी

दशावतारी नाटकांत चाळीस वर्षं स्त्रीभूमिका केलेले बाबल मेस्त्री पुण्यातल्या स्टुडिओत अंगभर सेन्सर लावलेला काळा पोशाख घालून उभे होते. गुडघे दुखायला लागल्यापासून ते घरीच होते. नव्या व्हिडिओ गेममधली मायावी राक्षसीण छायाक्षी आणि तिची सगळी माया त्यांच्या हालचालींवर चालणार होती. गेम बनवणाऱ्या राधिकेनं त्यांना मुद्दाम कुडाळहून बोलावलं होतं.

"साडी नाय, रंग नाय, पेटी-पखवाज नाय," बाबल संकोचून म्हणाले. "माका जमाचा नाय, बाय. मी जातंय घराक."

"एकदाच करा, काका. छायाक्षीचं सगळं सैन्य मेलंय. वैरी समोर उभा आहे आणि तिच्याकडे फक्त माया उरलीय."

बाबलनी डोळे मिटले. मग हळूच मान वळवून त्यांनी नसलेला पदर खांद्यावरून सोडला. त्यांच्या मागच्या भिंतीएवढ्या पडद्यावर छायाक्षीचा पदर सुटला आणि त्याची नदी झाली. त्यांनी बोटं उलगडली, तशी नदीकाठी दिव्यांची नगरी उभी राहिली. भुललेला वैरी तलवार टाकून त्या नगरीत शिरला. त्यांनी मूठ मिटली. नगरी नाही, नदी नाही. वैरी एकटाच अंधारात उरला.

संगणकांवर बसलेली मुलं उठून उभी राहिली होती.

"काका, मागे बघा," राधिका म्हणाली.

बाबल वळले. चाळीस वर्षं लोकांना दिसलेली ती बाई त्यांना आज पहिल्यांदाच दिसत होती. त्यांचे हात आपोआप जोडले गेले. पडद्यावरून तिनंही त्यांना हात जोडले.

"बाय माझे," ते पुटपुटले, "एवढी मोठी आसस तू?"