टॉवेलची घडी

साताऱ्याच्या वाटेवर गाडी कडेला घेऊन कुमुदने उजव्या काचेत अडकवलेला टॉवेल ओढून काढला आणि नवऱ्याच्या मांडीवर टाकला.

"अगं, उतरतं ऊन थेट डोळ्यांत येईल. तीस वर्षं मी असाच टॉवेल लावून गाडी चालवली," दिगंबरराव म्हणाले.

"त्याने आरसा झाकला जातो. मघाचा ट्रक मला अगदी शेजारी आल्यावर दिसला."

डोळ्याच्या ऑपरेशनमुळे ते आज डावीकडे बसले होते आणि हायवेवर ती पहिल्यांदाच गाडी चालवत होती. ड्रायव्हर बोलावतो म्हणाले, ते तिने कानाआड केलं. डोक्यावरचं सनव्हायझर हुकातून सोडवून उजव्या काचेकडे वळवलं. वरचं ऊन अडलं, पण तिच्या बुटक्या अंगाला ते झापड पुरेना. त्याच्या कडेखालून सूर्य डोळ्यांत घुसतच होता. पाठ ताठ केली, मान उंचावली, तरी दोन बोटं कमीच. तिने तशीच किल्ली फिरवली.

"थांब."

बुटक्या बाईने गाडीच्या नादी लागू नये, असं आजवर दिगंबररावच म्हणत आले होते. त्यांनी टॉवेलची जाड घडी घातली.

"ऊठ जरा," म्हणाले आणि ती तिच्या सीटवर ठेवली. "आता बस."